एका बटणाचे दहा परीक्षक

दहा प्रश्नांच्या चाचणीत ३८ टक्के येत नाहीत. एका प्रश्नाला एक गुण, अर्धा गुण नाही, चुकीला वजाबाकी नाही. मग निकाल शून्य, दहा, वीस, तीस असाच येणार. तिसाच्या पुढे थेट चाळीस. तरीही माझ्या सातवीच्या एका मुलीच्या मोबाइलवर ३८ टक्के आले होते आणि खाली लाल अक्षरांत लिहिले होते, ‘आणखी सराव हवा’.

चाचणी माझ्या भाच्याने बनवून दिली होती. तो डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वेबपेज बनवण्याची त्याला आवड आहे. शब्द माझे, कोड त्याचा. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीत सर्वांत जास्त फसवतात ते अनोळखी शब्द नव्हेत, ओळखीचे शब्द. ‘शिकस्त’ म्हटले की आमच्या मुलांना पराभव आठवतो. मराठीत माणूस शिकस्त करतो म्हणजे जिवापाड प्रयत्न करतो. ‘तालीम’ म्हणजे घरी शिक्षण आणि गल्लीच्या टोकाला आखाडा. ‘राजीनामा’ उर्दूत दोन पक्षांनी राजी होऊन केलेला समझोता आहे, मराठीत नोकरी सोडण्याचा कागद. असे दहा शब्द, प्रत्येकाखाली चार बटणे, चार अर्थ. बरोबर बटण दाबले की ते हिरवे होते, चुकीचे दाबले की लाल. मग ‘पुढचा’ हे बटण. कोपऱ्यात टक्केवारी.

ती मुलगी मुळात कमी बोलणारी. वाचायला उभी केली की पुस्तक तोंडासमोर धरते. चाचणी तिने दोनदा सोडवली, दोन्ही वेळा चाळिशीच्या आत आणि मग सोडवायचे बंद केले. विचारले तर म्हणाली, “टीचर, हरा दिखता है, फिर भी फेल करता है.” वर्गातल्या इतरांनी हे ऐकून हसून घेतले. मी तिला माझ्यासमोर सोडवायला लावले. दहाच्या दहा वेळा बटण हिरवे झाले आणि कोपऱ्यातला आकडा शंभरावरून उतरत उतरत ३८ वर आला.

संध्याकाळी भाच्याला फोन केला. त्याचे पहिले उत्तर प्रत्येक तंत्रज्ञाचे असते तेच: “खाला, माझ्याकडे तर बरोबर चालतंय.” दुसरे उत्तर, मोबाइल जुना असेल. तिसरे, नेट स्लो असेल. मी म्हटले, बेटा, मोबाइल जुना असला तरी त्याला दहाने भागता येते. ३८ यायचे असतील तर भागाकार दहाने झालेलाच नाही. कशाने झाला ते आधी बघ.

कॉम्प्युटरच्या बिघाडाबद्दल मी जे थोडेफार शिकले आहे त्यात ही गोष्ट मला सर्वांत उपयोगी वाटते. ‘चालत नाही’ या तक्रारीवरून काही शोधता येत नाही. ‘दहा प्रश्नांत ३८ टक्के’ या तक्रारीवरून येते, कारण तिच्यात एक अशक्य आकडा आहे आणि अशक्य आकड्याला कुठून तरी यावेच लागते.

त्याने कोडमध्ये एक ओळ घातली, एकूण किती उत्तरे मोजली तो आकडा दाखवणारी. आकडा आला ५५. त्यातली बरोबर २१. एकवीस भागिले पंचावन्न, अडतीस टक्के. हिशेब चोख होता, फक्त तो दहा उत्तरांचा नव्हता. मी गणित शिकवत नाही, पण एक ते दहाची बेरीज पंचावन्न होते हे शाळेत वावरणाऱ्या कोणालाही पाठ असते. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर एकदा तपासले गेले, दुसऱ्याचे दोनदा, तिसऱ्याचे तीनदा आणि दहाव्याचे दहादा.

मग त्याने उत्तर तपासणाऱ्या फंक्शनमध्ये ‘तपासले’ असा एक शब्द छापण्याची ओळ टाकली आणि क्रोमचा कन्सोल उघडला. एकच शब्द पुन्हा पुन्हा छापला गेला की क्रोम त्याच्याशेजारी छोट्या गोळ्यात संख्या दाखवतो. दुसऱ्या प्रश्नाला ती दोनने वाढली, तिसऱ्याला तीनने. क्रोममध्येच आणखी एक सोय आहे. एलिमेंट्समध्ये जाऊन एखादे बटण निवडायचे आणि बाजूचा ‘इव्हेंट लिसनर्स’ हा भाग उघडायचा. त्या बटणावर कोण कोण कान लावून बसले आहेत त्यांची यादीच दिसते. फायरफॉक्समध्ये घटकाच्या नावापुढे ‘इव्हेंट’ अशी चिठ्ठी येते, तिच्यावर क्लिक केले की तेच. आमच्या बटणावर चौथ्या प्रश्नाला चार जण बसले होते. चौघांचा कोड अक्षरशः एक.

हे लिसनर म्हणजे काय ते आधी सांगते. पेजवरच्या बटणाला आपण सांगून ठेवतो, तुला कोणी दाबले की अमुक फंक्शन चालव. हे सांगण्याची आज्ञा ॲड-इव्हेंट-लिसनर. सांगितलेले मागे घेण्याची आज्ञा रिमूव्ह-इव्हेंट-लिसनर. भाच्याच्या कोडमध्ये दोन्ही होत्या. नवा प्रश्न आला की चारही बटणांवरचा जुना परीक्षक उठवायचा आणि नव्या प्रश्नाची उत्तरसूची हातात दिलेला नवा परीक्षक बसवायचा. विचार अगदी बरोबर होता. फक्त जुना परीक्षक कधी उठलाच नाही.

आता त्या मुलीचे वाक्य पुन्हा बघा: हिरवे दिसते, तरी नापास करते. चौथ्या प्रश्नाला तिने बरोबर बटण दाबले, की पहिल्या प्रश्नाचा परीक्षक आपल्या उत्तरसूचीशी ते ताडून बघणार. त्याच्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या बटणावर असेल आणि हिने दुसरे दाबले असेल, तर चूक. मग दुसऱ्या प्रश्नाचा परीक्षक, मग तिसऱ्याचा. शेवटी चौथ्याचा, जो म्हणतो बरोबर. लिसनर ज्या क्रमाने बसवले त्याच क्रमाने चालतात. प्रत्येकाने बटणाला आपापला रंग दिला, पण सगळ्यांत शेवटी रंगवणारा नवा, म्हणून डोळ्यांना फक्त हिरवा दिसला. चुकांची मोजणी मात्र सगळ्यांची जमा होत गेली. तिने जे सांगितले ते बिघाडाचे तंतोतंत वर्णन होते.

भाच्याने पेज तपासून दिले होते हेही खरे. त्याने दोनच प्रश्न घालून बघितले होते आणि दोन्हींचे उत्तर पहिल्याच बटणावर ठेवले होते. तीन तपासण्या, तिन्ही बरोबर, शंभर टक्के.

मग परीक्षक उठला का नाही? इथे दोन दिवस गेले. त्याला आधी वाटले, उठवण्याची आज्ञा चालतच नसेल. तिच्या आधी एक ओळ छापून बघितली, चालत होती. काही त्रुटी येते का पाहिले, कन्सोल स्वच्छ. रिमूव्ह-इव्हेंट-लिसनरचा स्वभावच तसा आहे. तुम्ही सांगितलेला लिसनर सापडला तर ती काढते, सापडला नाही तर काहीही न बोलता पुढे जाते. ना त्रुटी, ना इशारा, ना ‘काढले’, ना ‘सापडले नाही’. नियमातच असे आहे, ब्राउझरचा दोष नाही. मला मात्र हे एखाद्या कचेरीत अर्ज देण्यासारखे वाटते, जिथे अर्ज घेतात पण आवक नोंदीचा शिक्का मारून देत नाहीत. सहा महिन्यांनी कळते की अर्ज कुठे लागलाच नव्हता.

सापडला का नाही, हा खरा प्रश्न. भाच्याने बसवताना फंक्शन जागच्या जागी लिहिले होते, बिननावाचे, बाण असलेले. उठवताना तेच फंक्शन पुन्हा जागच्या जागी लिहिले, कॉपी-पेस्ट. एका अक्षराचा फरक नाही. “खाला, दोन्ही सेम आहेत,” तो म्हणत होता. जावास्क्रिप्टच्या दृष्टीने ती सेम नाहीत. फंक्शन तिथे एक वस्तू आहे आणि ते लिहिलेली ओळ जितक्यांदा चालेल तितक्यांदा नवी वस्तू जन्माला येते. आज्ञा अक्षरे ताडत नाही, वस्तू ताडते.

मला हे लगेच पटले, कारण आमच्या एका वर्गात एकाच नावाच्या तीन मुली होत्या. नाव तेच, आडनाव तिघींचेही शेख. त्यांतल्या एकीच्या अब्बांची बदली झाली आणि ते दाखला न्यायला आले. कारकुनाने नाव विचारले नाही, जनरल रजिस्टरचा नंबर विचारला. हजेरीपटावरून नाव कमी होते ते त्या नंबरावर. नुसते नाव उच्चारून कोणाचेच नाव कमी होत नाही. भाचा दर वेळी एक नवीन, नुकतीच जन्मलेली मुलगी घेऊन कचेरीत जात होता आणि हिचे नाव कमी करा म्हणत होता. तिचे नाव पटावर नव्हतेच.

उपाय सोपा असतो: फंक्शनला नाव द्या किंवा ते एखाद्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवा, बसवताना आणि उठवताना तेच द्या. पण सोप्या उपायालाही खाचखळगे असतात आणि आम्ही बहुतेक सगळे बघितले. त्याने नाव दिले, पण फंक्शनच्या हातात चालू प्रश्न द्यायचा होता म्हणून दोन्ही ठिकाणी ‘बाइंड’ वापरले. बाइंड दर वेळी नवे फंक्शन बनवून देते, म्हणजे पुन्हा तीच गोष्ट. मग बाइंडने दिलेले फंक्शन व्हेरिएबलमध्ये ठेवले, पण ते व्हेरिएबल प्रश्न मांडणाऱ्या फंक्शनच्या पोटात होते. पुढचा प्रश्न येईपर्यंत तेही नवे. ते बाहेर काढून ठेवले तेव्हा परीक्षक उठू लागला.

ताडताना आज्ञा तीन गोष्टी बघते: घटनेचा प्रकार, फंक्शन आणि ‘कॅप्चर’ नावाची एक खूण. त्याच्या दुसऱ्या पेजवर, उर्दू कळफलकाच्या, ही तिसरी गोष्ट आडवी आली होती. बसवताना कॅप्चर खरे होते, उठवताना लिहायचे राहिले. फंक्शन तेच असूनही लिसनर निघेना. ‘पॅसिव्ह’ आणि ‘वन्स’ या खुणा ताडल्या जात नाहीत, त्यांची चिंता नको.

‘वन्स’ची गंमत वेगळी. ही खूण लावली की लिसनर एकदा चालून आपोआप निघून जातो. भाचा खूश झाला, उठवायची कटकटच गेली. मी म्हटले, बटणे चार आहेत. मुलीने एक दाबले, त्याच्यावरचा गेला, उरलेल्या तीन बटणांवरच्यांचे काय? ते बसूनच राहणार आणि पुढच्या प्रश्नाला त्यांतले एखादे दाबले की जुना हिशेब पुन्हा सुरू. त्याने करून बघितले, तसेच झाले. आकडा ५५ ऐवजी कमी आला, एवढेच. असा अर्धा बरा झालेला बिघाड जास्त धोक्याचा, कारण आता टक्केवारी कधी बरोबर, कधी चूक.

चारही एकदम काढायची नवी रीत आहे. ॲबॉर्ट-कंट्रोलर नावाची वस्तू बनवायची, तिचा सिग्नल प्रत्येक लिसनरला जोडायचा आणि वेळ आली की एक ‘ॲबॉर्ट’ म्हणायचे, सगळे उठतात. फंक्शन जपून ठेवायची गरज नाही. मला ही रीत फार आवडली. पण लिसनरला सिग्नल जोडण्याची सोय प्रमुख ब्राउझरांमध्ये २०२१ मध्ये आली आणि माझ्या मुलांच्या हातात असतो तो भावाकडून बहिणीकडे आलेला मोबाइल, कधीच अपडेट न केलेला. अशा जुन्या ब्राउझरला ‘सिग्नल’ हा शब्द माहीत नसतो. तो त्रुटी देत नाही, शब्दाकडे न बघता लिसनर बसवून टाकतो. मग ॲबॉर्ट म्हटले तरी कोणी हलत नाही. पुन्हा तेच मौन.

भाच्याच्या एका मित्राने सुचवले, बटणाची नक्कल करायची आणि मूळ बटण काढून नक्कल तिथे लावायची. ॲड-इव्हेंट-लिसनरने जोडलेले लिसनर नकलेत येत नाहीत, हे खरे आहे. (बटणाच्या टॅगमध्येच ऑन-क्लिक लिहिलेले असेल तर ते मात्र येते.) चालते, पण भाडेकरू निघत नाही म्हणून घर पाडून नवे बांधण्यातला प्रकार. मी नको म्हटले.

खरे सांगायचे तर जुन्या पद्धतीत हा घोळ झालाच नसता. बटणाची ऑन-क्लिक ही एक जागा असते, तिच्यात एकच फंक्शन मावते, नवे ठेवले की जुने आपोआप जाते. ॲड-इव्हेंट-लिसनर आले ते अनेकांना एकाच बटणावर कान लावता यावा म्हणून; नोव्हेंबर २००० मध्ये ते डब्ल्यू-थ्री-सीच्या शिफारशीत नोंदले गेले. इंटरनेट एक्सप्लोररने तर नववी आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, ते घेतलेच नव्हते, आपले वेगळे चालवत होता. भाच्याच्या कॉलेजात ऑन-क्लिकला मागासलेले समजतात. मोठ्या कामात त्यांचे बरोबर असेल. चार बटणांच्या चाचणीला एक जागा आणि एक परीक्षक पुरेसा होता असे माझे मत आहे आणि ते मी त्याला सांगितलेही.

शेवटी त्याने जे केले ते दोघांनाही पटले. चार बटणे ज्या चौकटीत आहेत त्या चौकटीवर एकच लिसनर. पेज उघडताना एकदा बसवायचा, कधीच उठवायचा नाही. बटणावरचा क्लिक वर चढत चौकटीपर्यंत येतो, कोणते बटण दाबले ते परीक्षक विचारतो आणि चालू प्रश्न कोणता ते त्या क्षणी बघतो. उत्तरसूची जन्मापासून हातात धरून बसत नाही. उठवण्याचा प्रश्नच संपला. दहा प्रश्न सोडवून एकूण तपासण्या मोजल्या: दहा.

या भानगडीत आणखी एक सापडले. चाचणीत शेवटी एक शब्द उर्दूत लिहायचा होता, सरावापुरता, गुण नसलेला. ‘दीन’ लिहिले तरी काही मुलांना चूक दाखवत होते. लिसनर एकच, एकदाच चालणारा, तरी चूक. या वेळी भाच्याच्या आधी मला कळले. त्या मुलांच्या मोबाइलवर उर्दू नव्हे, अरबी कळफलक होता. उर्दूची ‘ये’ आणि अरबीची ‘ये’ शब्दाच्या शेवटी वेगळ्या दिसतात, एकीखाली ठिपके नाहीत, दुसरीखाली दोन. पण ‘दीन’मध्ये ती शेवटी येत नाही, तिथे दोघी हुबेहूब, दोघींखाली दोन ठिपके. युनिकोडमध्ये मात्र एकीचा क्रमांक १७४० आणि दुसरीचा १६१०. ‘काफ’चेही तसेच. ताडण्याआधी अरबी अक्षरे उर्दूत बदलून घेणाऱ्या दोन ओळी घातल्यावर ते मिटले. पाहिले ते सारखेच दिसणार, हे पुन्हा एकदा भाच्याला सांगावे लागले नाही.

राहिला जुन्या निकालांचा प्रश्न. पेज फक्त टक्केवारी जपून ठेवत होते, कोणते उत्तर दिले ते नाही, त्यामुळे जुने आकडे दुरुस्त करता येणार नव्हते. भाचा म्हणाला, गुपचूप पुसून टाकू, कोणाला कळणार नाही. मी तयार झाले नाही. पोरांनी ते आकडे पाहिले होते, घरी दाखवले होते. एकीने तर त्यांवर विश्वास ठेवून मान खाली घातली होती. पुसले तरी तिच्या मनातले ३८ कोण पुसणार? सोमवारी पहिल्या तासाला फळ्यावर एकाखाली एक चार परीक्षक काढले, प्रत्येकाच्या हातात वेगळी उत्तरसूची आणि एका बरोबर उत्तराला तीन जण चूक कसे म्हणतात ते मुलांनाच मोजायला लावले. त्या मुलीला उभी करून सांगितले, की यंत्र चुकते आहे हे वर्गात सर्वांत आधी हिने ओळखले, हिचे वाक्य जसेच्या तसे खरे निघाले. ती बसली, पुस्तक तोंडासमोर धरून.

मागच्या बाकावरच्या एकाने हात वर केला. त्याला काळजी पडली होती, आपले शंभर टक्केही गेले की काय. त्याच्या मोबाइलवर खरोखर शंभर होते. चौकशी केली तेव्हा समजले, तो रोज चाचणी उघडायचा, पहिला प्रश्न सोडवायचा आणि शंभर दिसले की पेज बंद करायचा. पहिल्या प्रश्नाला परीक्षक एकच होता. त्याचे शंभर अगदी खरे होते.